पाटाखालचं वजन

मापारीच्या हातून काटा कधी चुकला नाही, हे तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं. वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे भिंतीआड हातभर अंगण. वर तो आणि त्याची थोरली बहीण आक्का, अशी दोनच माणसं. लग्न दोघांचंही झालं नाही. तो म्हणायचा, मापात बसणारी मिळाली नाही, आणि आक्का म्हणायची, याला मापात बसवणारी मिळाली नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण कुठे काही चुकलं की त्याचा हात आधी स्क्रूकडे जायचा. चहा गोड झाला तर चमचा मोठा, उशीर झाला तर घड्याळ मागे, आणि आक्काने काही सुनावलं तर आक्काला नीट कळलंच नाही. स्वतःकडे बोट वळवायची सवय त्या हाताला नव्हतीच.

तर एका गोदामवाल्याचा मोठा काटा दुरुस्तीला आला होता. हा काटा म्हणजे जमिनीलगत चौकोनी लोखंडी पेटी, पेटीत तरफा, वर झाकणासारखा जड लोखंडी पाट, आणि बाजूच्या खांबावर आडवी दांडी. पाटावर माल ठेवायचा, दांडीवरचा गोळा सरकवायचा, दांडी सरळ झाली की वजन वाचायचं. मापारीने संध्याकाळी पाट काढून भिंतीला टेकवला, तरफा रॉकेलने धुतल्या आणि वाळायला रात्रभर पेटी उघडी ठेवली. सकाळी आला, दोन्ही हातांनी पाट उचलला आणि जागेवर ठेवला. पेटीत वाकून बघायची त्याला गरज वाटली नाही. कालच तर स्वतःच्या हाताने साफ केली होती.

पाट नीट बसेना. एका कोपऱ्यात बोटभर वर राहिला. वजनाने बसेल म्हणून त्याने त्यावर वीस-वीस किलोची दहा मापं रचली. पाट बसला, पण दांडी दोनशे दाखवेना, कमीच दाखवी. दुसरा कुणी असता तर त्याने मापं उतरवून पाट पुन्हा उचलला असता. मापारीने स्क्रू दीड फेरा पिळला, दांडी बरोबर दोनशेवर आणली आणि स्क्रूवर तार बांधून शिशाची मोहर दाबली. त्याची मोहर बसली म्हणजे विषय संपला.

तेवढ्यात खालून बारीक कुईकुई ऐकू आली. तरफेच्या खिळीत तेल कमी असेल म्हणून त्याने फटीतून तेल सोडलं. दुपारी पुन्हा कुई झाली, पुन्हा तेल सोडलं. संध्याकाळपर्यंत आवाज बराच उतरला, तेव्हा तेल मुरलं असं समजून तो समाधानाने वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच आवाज उरला होता, फार बारीक, आणि या वेळी त्याने तो नीट कान देऊन ऐकला. लोखंड असं दम घेत घेत वाजत नाही. त्याने दहाही मापं भराभर उतरवली आणि पाट उचलला.

आत काय होतं ते मी फोडून सांगत बसत नाही. गल्लीत फिरणारी भुरी मांजरी होती. रात्री उघडी पेटी बघून, अंधारी आणि आडोशाची जागा म्हणून व्यायला आत शिरली असणार. तिच्या कुशीत एक पिल्लू हलत होतं. मुठीत मावेल एवढं, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला नाळेचा ओला तुकडा, आणि अंगभर तेल. मापारीने ते उचलून सदऱ्यात घातलं. मग मांजरी बाहेर काढली, आणि सवय बघा माणसाची, पुरण्याआधी तिला तोलली. तीन किलो दोनशे भरली. पेटीतलं सगळं पोत्यात घालून त्याने मागच्या अंगणात पुरलं आणि वर जाऊन आक्काला सांगितलं, की मांजरी आत शिरून मेली, एक पिल्लू राहिलं, आणि आपल्याला आवाज म्हणून कसला तो आला नाही. पोत्यात काय काय गेलं ते आक्काने विचारलं नाही.

आक्काने पिल्लू कोमट पाण्याच्या फडक्याने तीन वेळा पुसलं तेव्हा कुठे त्याचा रंग कळला. तेही भुरंच होतं. एवढं तेल याला कुठून लागलं, असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि मापारी फडकं पिळायला घेऊन गेला.

गल्लीच्या टोकाला जनावरांच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांनी पिल्लू बघितलं, तोंडात करंगळी घालून चोखतं का ते बघितलं, आणि दोघांना शाळेतल्या पोरांसारखं समोर बसवून समजावलं. साधं दूध द्यायचं नाही, पोट बिघडेल. पिल्लांच्या दुधाची भुकटी मिळते, ती कोमट पाण्यात कालवायची, दर दोन तासांनी, सुई काढलेल्या सिरिंजने, थेंब थेंब. माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही, पालथंच ठेवायचं, नाहीतर दूध छातीत जाऊन बसेल. पाजल्यावर ओल्या कापसाने मागून हळूहळू पुसायचं, कारण आई चाटल्याशिवाय इतक्या लहान पिल्लांना शी-शू करता येत नाही. आणि ऊब हवी, भुकेपेक्षा आधी ऊब. रोज दहा-एक ग्रॅम वाढलं तर समजा जगतंय.

हे शेवटचं मापारीला पटलं. त्याने दुकानातला पाच किलोचा तबकडीचा काटा पुसून मेजावर ठेवला, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात टॉवेल, टॉवेलात गरम पाण्याची बाटली, आणि स्क्रूने सगळं शून्य करून घेतलं. मग पिल्लू ठेवलं. काटा पंच्याण्णव ग्रॅमवर थांबला. त्याने खडूने भिंतीवर लिहिलं, ९५.

पण पिल्लू पीत नव्हतं. सिरिंज ओठाला लावली की मान फिरवायचं, थेंब आत गेला तर तोच बाहेर यायचा. दिवसा मापारी, रात्री आक्का, आळीपाळीने दोन तासांचा गजर लावून बसायचे. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐंशीच्या खाली गेलं तर आशा धरू नका. मापारीचा जीव टांगणीला लागला. आता एवढ्याशा जिवासाठी एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की हे पिल्लू जगलं तरच त्या अंगणातल्या खड्ड्यावर खरी माती पडेल. नाहीतर तो उघडाच राहील, आणि आपल्याला जन्मभर त्याच्या काठाने चालावं लागेल.

त्याच दुपारी तो जेवून खाली उतरला. ऊन असं कडक होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आत सावली. तो मेजाशी आला आणि थबकला. तबकडीचा काटा तीन किलोच्या पुढे गेला होता. तीन किलो दोनशे अठ्ठ्याऐंशी. खोक्यात टॉवेल, बाटली आणि पिल्लू, दुसरं काही नाही. पण काटा स्थिरही नव्हता. तो अगदी बारीक, एकसारखा थरथरत होता. पोटावर हात ठेवला की मांजराची गुरगुर हाताला लागते ना, तशी ती थरथर होती. मापारीने काचेवर टिचकी मारली. थरथर थांबली. म्हणजे जे कोण होतं त्याने ऐकलं.

त्याची पाचावर धारण बसली. काटा मग हळूच खाली यायला लागला, कुणी निजलेल्या लेकराजवळून जपून उठावं तसा, आणि अठ्ठ्याऐंशीवर नाही, अठ्ठ्याण्णववर थांबला. पिल्लाचं पोट टम्म होतं. ओठाला पांढरा थेंब होता. मानेवरची लव एका दिशेने ओली झाली होती, आणि टॉवेल स्वच्छ होता.

तेव्हापासून ती यायची. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. दर वेळी तीन किलो दोनशे, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. पिल्लू शंभर झालं, एकशेबारा झालं, एकशेपंचवीस झालं. डॉक्टरीणबाईंनी मापारीच्या हाताची तारीफ केली. तो कसनुसं हसला.

आक्काला त्याने काही सांगितलं नव्हतं, पण आक्का काही खुळी नव्हती. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जग काही आंधळं होत नाही. एका संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, की खाली गुरगुर ऐकू येते आणि पिल्लाला तर अजून गुरगुरता येत नाही. मापारीने तिच्याकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, येऊ दे की तिला. आई आहे ती, तिचं काम करून जाते. आपण आपलं बाटलीतलं पाणी गरम ठेवावं.

आक्काला असं म्हणणं सोपं होतं. मापारी दिवसभर त्या काट्यासमोर बसायचा. पिल्लू पोटभर पिऊन झोपलं तरी कधी कधी काटा खाली यायचा नाही. ती तशीच बसून राहायची. थरथर थांबलेली असायची, आणि मापारीला कळायचं की आता ती पिल्लाकडे बघत नाहीये. तो पाठ फिरवून बसायचा, तर मान जड व्हायची. गोदामवाला काटा मागायला येऊन गेला, त्याला त्याने थाप मारली. मोठ्या काट्यावर त्याने ताडपत्री टाकून ठेवली होती आणि तिच्याकडे बघणंही टाळत होता.

आठव्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं की हे सगळं स्प्रिंगचं काम आहे. रिकामा असून वजन दाखवतो, म्हणजे काटा बिघडला, बस्स. चाळीस वर्षं हेच तर करत आलो. त्याने दुपारी नवी स्प्रिंग घातली. काटा पुन्हा तीन किलोच्या वर चढला आणि तिथेच राहिला, थरथर न करता. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, दात-ओठ खात स्क्रू पिळायला घेतला आणि काटा ओढत ओढत पार शून्यावर आणला. तीन किलो दोनशे आणि वर पिल्लू, सगळं शून्य. त्याला फार बरं वाटलं. कपाळ पुसलं.

खोक्याची कड किंचित दबली आणि उचलली गेली. काटा शून्याच्या मागे सरकला, पार मागच्या खिळीवर जाऊन आपटला, आणि तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही, दुपारीही नाही. पिल्लाचे डोळे नुकते किलकिले व्हायला लागले होते. ते खोक्यात गोल गोल फिरत होतं आणि ओरडत होतं, आणि सिरिंज लावली की मान फिरवत होतं. मापारीने स्क्रू सोडून काटा पुन्हा खऱ्या शून्यावर आणला, पिल्लू ठेवलं. एकशेचाळीस झालेलं एकशेएकतीसवर आलं होतं. तिसऱ्या दिवशी एकशेअठरा. ओरडण्याचं बळ गेलं. आता एकच बारीक आवाज, दम घेत घेत. तो आवाज मापारीने आधी ऐकलेला होता.

आक्का खाली आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिने विचारलं, काय केलंस तू? तो म्हणाला, काटा चुकीचं दाखवत होता, मी तो बरोबर केला. मग ती रागावून नाही, दमल्यासारखी म्हणाली, "काट्याशिवाय दुसऱ्या कुणाची चूक असू शकते, असं तुला जन्मात कधी वाटलंय का रे?"

मापारी उठला. कोपऱ्यातल्या मोठ्या काट्यावरची ताडपत्री त्याने ओढून काढली. स्क्रूवर त्याचीच मोहर होती. चाळीस वर्षांत स्वतःची मोहर त्याने कधी तोडली नव्हती. पकडीने शिसं चेपून तोडलं, तार काढली, आणि स्क्रू दीड फेरा उलटा फिरवला. मग तो खोक्यासमोर स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवून, आणि आक्का ऐकतेय हे ठाऊक असूनही मोठ्याने बोलला.

"काटा बरोबर होता. मी चुकलो. वाकून बघितलं नाही. तुझं जेवढं मी घेतलं तेवढं माझ्यातून घे, पण याला पाजून जा."

रस्त्यावरून एक सायकल गेली. नळ ठिबकत होता. आक्का म्हणते, तिने मोजले, सतरा थेंब पडले. मग काटा एकशेअठरावरून उठला आणि तीन किलोच्या पुढे जाऊन थांबला. सुरुवातीला तो नुसताच उभा होता. मग थरथरायला लागला. मापारी त्या मेजावर डोकं टेकून रडला, आणि आक्काने त्याला रडू दिलं.

पिल्लू सावरलं. अठरा-वीस ग्रॅम रोज चढायला लागलं. डोळे पूर्ण उघडले, निळे. कान उभे राहिले. ते खोक्याच्या कडेवरून डोकं काढून दुकानाकडे असं बघायचं की जणू भाडं त्यालाच मिळतं. पण आठवडा झाला नाही तोच आक्काच्या लक्षात आलं, की भावाच्या पायजम्याची नाडी चार बोटं आत आली आहे. जेवण तर पूर्वीसारखंच, उलट दोन घास जास्तच. तिने त्याला मोठ्या काट्यावर उभा केला. दर वाढदिवसाला तो स्वतःला तोलायचा, ते वजन भिंतीवर लिहिलेलं होतंच. दांडीवरचा गोळा त्या आकड्यावर लावला तर दांडी खाली पडली. आक्काने त्याच्या पायाशी पाटावर पितळी मापं ठेवायला सुरुवात केली. एक किलो, मग शंभर, मग पन्नास. तेव्हा दांडी सरळ झाली.

"किती देणार आहेस?" तिने विचारलं. तो म्हणाला, तीन किलो दोनशे. ती तेवढी होती, मी तोलली होती. आक्का घाबरली नाही असं नाही. पण त्याने शब्द दिला होता आणि तिने तो ऐकला होता. ती एवढंच म्हणाली, की रोज सकाळी चहाआधी तोलायचं, आणि तीन किलो दोनशेच्या पुढे गेलं तर ती ते खोकं उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेऊन ठेवेल, मग पिल्लाचं काही का होईना. भाऊ तिला एकच होता.

मग रोज सकाळी हा उद्योग. मापारी पाटावर उभा, आक्का पायाशी मापं लावतेय, पिल्लू खोक्यातून बघतंय. दीड किलो. एक किलो आठशे. दोन किलो तीनशे. त्याचे गाल बसले, गळ्याशी सदरा ढगळ झाला. लोक विचारायचे, आजारी होतास का? तो म्हणायचा, पथ्यावर आहे. आणि खरं सांगायचं तर तो इतका शांत कधीच नव्हता. गिऱ्हाईकाने काट्याची तक्रार केली की आता तो म्हणायचा, बघू, माझंही काही चुकलं असेल. ऐकून गिऱ्हाईकच बावचळायचं.

चौथा आठवडा संपता संपता पिल्लू बशीतलं मऊ खाणं चाटायला लागलं. त्याच सकाळी आक्काने एक-एक किलोची तीन मापं आणि दोनशेचं एक, अशी चार मापं पाटावर ठेवली आणि दांडी केसभरही हलली नाही. तीन किलो दोनशे. झालं. आक्काने मापं उचलून डब्यात टाकली, गोडाचा शिरा केला, आणि कितीतरी दिवसांनी दुपारी आडवी झाली.

दुपारी काटा पुन्हा चढला.

मापारी एकटाच होता. त्याने तबकडी वाचली. या वेळी तीन किलो नव्हते. पिल्लाच्या वजनावर थोडंच जास्त होतं, आणि थरथर अशी होती की एका जागी नाही, दोन-तीन ठिकाणी, एकमेकांत घुसमटल्यासारखी. त्याने आक्काला हाक मारली नाही.

दुसऱ्या सकाळी तीन किलो दोनशेवर दांडी सरळ होईना. आक्काने पन्नासचं माप लावलं, वीसचं लावलं, आणखी एक वीसचं, मग पाचचं. पंच्याण्णव ग्रॅम. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, मी खोकं नेतेय. मापारी म्हणाला, एक दिवस थांब. त्यापुढच्या सकाळी एकशेनव्वद. ती खोकं उचलायला गेली तर त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, अजून एकच दिवस, मग थांबेल. तिने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. याला कसं ठाऊक, असं त्या बघण्यात होतं.

तिसऱ्या सकाळी ती मापं लावत होती. दोनशे, पन्नास, वीस, दहा, पाच. दांडी सरळ झाली. आक्का उठली नाही. पाटाशी तशीच उकिडवी बसून ती भिंतीवरचा खडूचा पहिला आकडा बघत होती. आणि मग ती, जिला हा आयुष्यभर म्हणत आला की तुला नीट कळत नाही, बोटांवर हिशेब करत म्हणाली, "पंच्याण्णव. पंच्याण्णव. पंच्याण्णव." तिने वर बघितलं. "पोत्यात आणखी किती होती रे?"

मापारी पाटावर उभा होता. अनवाणी, पायाशी पितळी मापं, अंगावर ढगळ सदरा. तिथून खाली उतरायची सोय नव्हती.

"तीन," तो म्हणाला. "हे धरून चार."

"तू म्हणालास आवाज आला नाही."

"आला होता. दिवसभर येत होता. चौघांचा येत होता, आक्का. मी तेल घातलं."

आक्काने तोंडावर हात धरला. तिला ते पहिल्या दिवशीचं पिल्लू आठवलं असणार, तीन वेळा पुसल्यावर कुठे निघालेलं तेल. तिने मापं एक एक करून डब्यात ठेवली, डब्याचं झाकण लावलं, मग मागचं दार उघडून अंगणात गेली आणि त्या जागेशी जाऊन बसली. मापारी बराच वेळ पाटावरच उभा होता. पिल्लू खोक्याबाहेर पडलं, धडपडत उंबरा ओलांडून अंगणात गेलं, आणि आक्काच्या पायांना अंग घासून तिथल्या मातीवर झोपलं.

त्या दुपारी काटा हलला नाही. संध्याकाळीही नाही.

पुढच्या सकाळी आक्का खाली आली तेव्हा मापारी मोठ्या काट्याशी उभा होता, पण पाटावर चढला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी पाट उचलून भिंतीला टेकवला. गुडघे टेकून, बॅटरी लावून, पेटीच्या चारी कोपऱ्यांत बघितलं. तरफांच्या खाली हात घालून चाचपलं. पेटी रिकामी होती. पिल्लू शेजारी बसून तेही आत डोकावत होतं. मग त्याने पाट परत जागेवर ठेवला, वर चढला आणि हात खाली सोडून उभा राहिला.

आक्काने कालचीच मापं लावली. दांडी सरळ होती.